श्रीपादाच्या वाटेवरचा चहावाला

१

जन्मभर मी दुसऱ्यांच्या घरच्या चोऱ्या शोधल्या. चांदूर बाजारातली बैलजोडी शोधली, जिनिंगमधली पितळी घंटा शोधली, एका सावकाराच्या सुनेची नथ तर सावकाराच्याच गादीखालून काढून दिली. आणि पेन्शनीत निघाल्यावर पहिली चोरी झाली ती माझ्याच घरात, भरदिवसा, मी समोर बसून शेंगा सोलत असताना. माझ्या बायकोनं, इंदूनं, ही बातमी अमरावतीच्या फ्रेजरपुऱ्यात, आमच्या वस्तीत, कुणाच्या कानावर घातली नाही, म्हणून डोमाजी जमादाराची अब्रू वाचली.

चोरीला गेला होता एक फोटो.

त्याचं असं झालं. त्या हिवाळ्यात आमच्याकडच्या उपासक-उपासिकांचा एक जथा सिलोनला गेला. बडनेऱ्याहून गाडी, मग मद्रास, मग धनुष्कोडीहून बोट. अनुराधपूरचा बोधिवृक्ष पाहायचा, कँडीचं दंतमंदिर पाहायचं, आणि शेवटी श्रीपाद नावाचा उंच डोंगर चढायचा. त्याच्या माथ्यावर तथागतांच्या पावलाचा ठसा आहे म्हणतात. माझा प्रश्नच नव्हता. माझे गुडघे दाबून पाहून डॉक्टर म्हणाला होता, जमादार, डोंगर चढायचा असेल तर आधी दुसरे गुडघे आणा. इंदूही जाणार नव्हती. पण तिच्या नात्यातल्या पंचफुलानं, जिनं सगळ्यांत आधी नाव नोंदवलं होतं, ऐन वेळी नाव काढून घेतलं आणि ती जागा इंदूला मिळाली. बायको समुद्र ओलांडून गेली. मी इथं माझ्या हातची खिचडी खात बसलो आणि रोज नकाशा पाहत राहिलो. जळत होतो, खोटं कशाला बोलू.

फोटो काढले पुंजाजीनं. हा बांधकाम खात्यात ओव्हरसियर, आमच्याच गल्लीतला, बायको वारलेला, अबोल माणूस. त्याच्याजवळ एक बॉक्स कॅमेरा होता. जयस्तंभाजवळच्या स्टुडिओतून फोटो छापून घेऊन तो एका रविवारी दुपारी आमच्याकडे आला. इंदूनं काळ्या पानांचा अल्बम आणून ठेवलाच होता. भातकुलीचा बुधाजी मास्तर आला. तो इंदूचा मावसभाऊ, सहलीला गेलेला. अकोटहून पंचफुला आली. ती बुधाजीच्या धाकट्या भावाची बायको आणि तिथल्या दवाखान्यात नर्सबाई. चौघांनी मिळून फोटो कागदी कोपऱ्यांत बसवले, पाहिले, चहा घेतला आणि पाहुणे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंदू अल्बम घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "एक फोटो नाही."

"पडला असन कुठं."

"पडला असता तं कोपरे उखडले असते. पाहा तुमीच."

मी पाहिलं. चारही कोपरे जागच्या जागी, एकही फाटलेला नाही. कुणीतरी फोटो हलक्या हातानं जरा वाकवून अलगद काढून घेतला होता. आणि त्यातही गंमत पाहा. अल्बमात हत्तींचा फोटो होता, तळ्याचा होता, बोटीचा होता. चोरानं त्यांना हात लावला नव्हता.

"गेला त्यात काय होतं?"

"काईच नाही. मी अन मास्तर डोंगराच्या वाटेवर चहा पिऊन राहिलो, बस. मांगं चहावाला उभा."

"मंग चोर आपल्यातलाच आहे," मी म्हणालो. "बाहेरचा आला असता तं अल्बमच घेऊन गेला असता."

इंदूनं माझ्या हातून अल्बम घेतला. मग म्हणाली, "आपल्यातला असन तं नका शोधू."

बायकोनं असं म्हटल्यावर कुठला पोलीस स्वस्थ बसेल?

२

पहिला जबाब मी घरातूनच घेतला. इंदूला भाकरी थापता थापता बोलतं केलं.

खरं सांगायचं तर चोरीच्या निमित्तानं मला ते बेट पुन्हा ऐकायचं होतं. ती सांगत होती आणि मी चुलीपुढं बसून डोंगर चढत होतो. हॅटन नावाच्या गावाला आगगाडीतून उतरायचं. मग मोटारीनं चहाच्या मळ्यांमधून जायचं, सगळे डोंगर हिरव्या झुडपांनी विंचरलेले. मग पायऱ्या, ढगात शिरणाऱ्या. वाटेत म्हाताऱ्या बायका लेकरांना कडेवर घेऊन चढतात आणि उतरणारे लोक चढणाऱ्यांना गाणं म्हणून धीर देतात.

"अन खाल्लं काय तू?"

"आपलंच. दशम्या, चिवडा, शेंगदान्याची चटनी. बाहेरचं मी तोंडाले लावलं नाही, पान्याशिवाय. त्या दिवशी मात्र थंडीनं हात वाकडे झाले म्हून त्या खोपटात चहा घेतला. मास्तरनंही घेतला. पित्तापायी त्यानं चहा सोडला, तरी घेतला." तिचे हात थांबले. "अन पाहा बाई, त्या चहावाल्यानं आधी आमच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. न मांगता. आपल्याकडं पाव्हना आला का देतो ना आपन गूळ-पानी, तसा. मले तं डोळ्यात पानीच आलं. एवढ्या दूर, अन गूळ."

"कसा होता दिसाले?"

"काळासावळा, पंचेचाळिशीचा. केसं पांढरे होऊन राहिलेले. बोलला नाही काई. हसला फक्त."

मी नोंद घेतली, म्हणजे मनात. मग तिनं पुंजाजीची तक्रार सुरू केली. तो फोटो नीट काढत नाही. स्तूप अर्धा कापतो, तिला तर निम्म्या फोटोंत कापलंय, आणि मधोमध कुणीतरी परका माणूस पुराच्या पुरा उभा. शिवाय डोंगरावर चारचौघांत हसं केलं. माथ्यावर एक घंटा आहे. जो जितक्या वेळा डोंगर चढला तितके टोले त्यानं द्यायचे. सगळ्या जथ्यानं एकेक टोला दिला. पुंजाजीनं दोन दिले.

"म्या म्हनलं, पुंजाजी, तुमी कधी आलते इथं आधी? तं उत्तरच नाही देल्लं."

"अन मास्तर?"

इंदूनं भाकरी उलटली. मला वाटलं ऐकलं नसेल. मग ती म्हणाली, "मास्तरनं गूळ खाल्ला नाही. हातात धरून त्या मानसाकडं पाह्यत राह्यला, अन मंग तो खडा खिशात टाकला. उतरेपर्यंत बोलला नाही कोनाशी."

"काहून?"

"त्यालेच विचारा. मले नाही विचारवलं."

३

भातकुलीला शाळा सुटल्यावर बुधाजी मास्तर मला एकटाच वर्गात सापडला. मी फोटोचं नाव काढताच त्यानं दार लोटून घेतलं.

बुधाजीच्या धाकट्या भावाचं नाव देवीदास. हे नाव आमच्या नात्यात गेली वीस वर्षं दबक्या आवाजात घेतलं जातं. लढाई सुरू होती तेव्हा तो पलटणीत भरती झाला. पंचफुलाशी लग्न होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पलटण सिलोनला गेली. त्रिंकोमालीच्या बंदरावर बॉम्ब पडले, आणि त्यानंतर सरकारनं एवढंच कळवलं की देवीदास बेपत्ता आहे. मेला असं नाही, जिता आहे असं नाही. बेपत्ता. पंचफुलानं कुंकू पुसलं नाही आणि दुसरं घरही केलं नाही. दाईचं शिक्षण घेतलं, नोकरी धरली आणि राहिली.

"तो माहा देवा होता, जमादार," मास्तर म्हणाला.

"कोन?"

"तो चहावाला. त्याची उभं राहाची तऱ्हा पाहा. वय पाहा. अन गूळ. त्या मुलखात कोन देईन आपल्याले गूळ? लंकेचा मानूस देईन? म्या हळूच हाक मारली, देवा म्हून. तो वळला नाही. मले वाटलं, ओळख द्याची नसन त्याले. बायको असन, लेकरं असन. मांगच्या खोलीतून एक बाई चहाचं आधन आनून देऊन राहिली होती."

"पंचफुलाबाईले सांगतलं?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. "काय सांगू? का तुह्या नवऱ्यानं तुले टाकली, असं? वीस वर्षं तिनं वाट पाह्यली ते याच्यासाठी?" त्यानं टेबलाच्या खणातून रुमाल काढून नाक पुसलं. "पन मनातून खुश होतो, जमादार. पाप म्हना. माहा भाऊ जिता आहे, एवढंच मनात येत राह्यलं."

"फोटो तुमी घेतला?"

"घ्यावा वाटला. घेतला नाही." त्यानं थेट माझ्याकडे पाहिलं. "पन कोनं घेतला असन, हे मी जानतो. ज्याले तो लपवाचा होता त्यानं. पंचफुलाचा नवरा जिता निघाला तं कोनाचं नुकसान आहे, विचार करा तुमीच."

विचार करायची गरजच नव्हती. भातकुलीहून परतीच्या खटाऱ्यात बसलो तेव्हा पुंजाजीचं नाव माझ्या डोक्यात पक्कं झालेलं होतं.

४

कारण दोन वर्षांपूर्वी पुंजाजीनं पंचफुलाला मागणी घातली होती. मधली माणसं आम्हीच. इंदूच निरोप घेऊन अकोटला गेली. पंचफुलानं तिला जेवू घातलं, ओटी भरली आणि म्हणाली, माहा नवरा मेला असं तुमाले कोनी सांगतलं? इंदू परत आली. पुंजाजीनं पुन्हा विषय काढला नाही, पण दुसरीकडे लग्नही केलं नाही.

तेव्हा हेतू स्वच्छ होता. नवरा जिवंत असल्याचा पुरावा बाईच्या डोळ्यांसमोरून हलवायचा. कोर्टात उभा केला असता तर सरकारी वकील खूश झाला असता. मी संध्याकाळी पुंजाजीच्या दारात गेलो आणि फार गोल फिरलो नाही.

"चहावाल्याचा फोटो कुठं आहे?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, आत गेला आणि बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा घेऊन आला. त्यातून फिल्मच्या काळ्या पट्ट्या काढून एक उजेडासमोर धरली. कंदिलाच्या उजेडात इंदू आणि मास्तर उलट्या रंगांत चहा पीत होते, आणि मागं तो माणूस, पांढऱ्या तोंडाचा, काळ्या केसांचा.

"हा घ्या. उद्या किती म्हनान तितक्या प्रती काढून देतो."

मी खजील झालो. ज्याला फोटो लपवायचा आहे तो मुळात छापूनच कशाला आणेल? छापून आणला, स्वतःच्या हातानं कोपऱ्यात बसवला, आणि फिल्म डब्यात जपून ठेवली. पोलिसात असतो तर मी स्वतःलाच मेमो दिला असता.

"तसंही," पुंजाजी म्हणाला, "एक प्रत कराचीच आहे. रविवारी तुमच्या घरून निघालो, तेव्हा मास्तरनं वाटेतच मांगितली. त्याच फोटोची."

म्हणजे मास्तरही सुटला. खिशात चोरीचा फोटो असलेला माणूस त्याच फोटोची प्रत मागून संशय ओढवून घेत नाही. मास्तरसारखा भोळा तर नाहीच नाही.

पण मास्तरचं गुळाचं म्हणणं अजून उभं होतं. मी पुंजाजीला सहज विचारलं, त्या चहावाल्यानं गूळ दिला तेव्हा तुला काय वाटलं?

"गूळ?" तो जरा गोंधळला. "गूळ तं सगळीकडंच देत होते. हॅटनले उतरलो तिथं देल्ला, कँडीले देल्ला, बोटीतून उतरलो त्या ठेसनावर देल्ला. तिकडचा गरीब मानूस चहात साखर टाकतच नाही. कोरा चहा, अन हातावर गुळाचा खडा. खडा चावाचा, घोट घ्याचा. रीतच आहे त्याह्यची. मी तं रोज पीत होतो. वहिनीनं अन मास्तरनं चहा एकाच ठिकानी घेतला ना."

मी कपाळावर हात मारून घेतला. इंदू सात दिवस दशम्यांवर राहिली, मास्तर पित्ताला घाबरून राहिला, आणि चहा घेतला तो एकदाच. मग गुळाचा खडा हातावर पडला आणि दोघांना वऱ्हाड आठवलं. पाहुण्याला गूळ द्यायची रीत जणू आपल्याच बापजाद्यांची, जगात दुसऱ्या कुणाची असूच शकत नाही. दुसऱ्या कुठल्या मुलखातल्या माणसांनी ही चूक केली नसती. तो माणूस लंकेचाच होता. देवा म्हटल्यावर वळला नाही, कारण ते त्याचं नावच नव्हतं.

मी उठलो. दारात आल्यावर एक गोष्ट विचारायची राहिली होती, ती विचारली.

"तुह्या फोटोत स्तूप अर्धा काहून असते रे, पुंजाजी? अन मानसं परके काहून असतात?"

तो डबा बंद करत होता. झाकण काही बसेना.

"फोटो काढता येत नाही मले नीट," तो म्हणाला.

५

घरी येऊन मी अल्बम पुन्हा उघडला आणि पहिल्यांदा नीट पाहिला. अनुराधपूरचा गाडीवान. बोटीवरचा खलाशी. तळ्याकाठी नारळ विकणारा. स्टेशनावरचा हमाल. रस्त्याच्या कामावरचा मुकादम. सगळे पुरुष, सगळे काळेसावळे, सगळे चाळीस-पंचेचाळिशीचे. तरुण एक नाही, म्हातारा एक नाही. प्रत्येकाचा चेहरा उजेडात, कॅमेऱ्यासमोर. बुद्धाचे स्तूप, हत्ती, डोंगर, माझी बायको, हे सगळं त्या चेहऱ्यांच्या कडेला जमेल तसं.

पुंजाजी बेट पाहायला गेला नव्हता. तो देवीदासला शोधायला गेला होता. जो सापडला तर आपलं उरलंसुरलं संपेल, त्याला. त्यानं त्याला कधी पाहिलेलं नव्हतं, म्हणून वयात बसणारा प्रत्येक माणूस तो टिपत राहिला, आणि सगळे आणून एका बाईसमोर ठेवले. न बोलता. त्या दुसऱ्या टोल्याचाही अर्थ मला आता लागला. सगळ्यांत आधी नाव नोंदवून जी आली नाही, तिच्यासाठी तो दिलेला होता.

आता चोर उरला एकच. रविवारी इंदू चहा करायला आत गेली तेव्हा अल्बम पंचफुलाच्या मांडीवर होता, हे मला आठवत होतं. हलक्या हातानं काम करायची सवय तिच्याच बोटांना होती. मला खटकत होतं ते वेगळंच. तिनंही मास्तरसारखाच तो माणूस आपला मानला असेल तर? वीस वर्षांनी नवरा सापडला म्हणून ती फोटो उराशी धरून बसली असेल, आणि मी जाऊन तिला गुळाची रीत समजावून सांगणार.

आधी मास्तरला सांगणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्यानं हातातला खडू खाली ठेवला.

"तिकडे सगळेच देतात?"

"सगळेच."

"महिनाभर माहा भाऊ जिता होता, जमादार," तो म्हणाला. मग त्यानं फळा पुसायला घेतला, जो आधीच कोरा होता. अकोटला जाऊच नये असं वाटलं. इंदू म्हणाली होती नका शोधू, ते ऐकायला हवं होतं.

६

अकोटला एस.टी.तून उतरलो तेव्हा कापसाच्या बंड्यांनी रस्ता भरला होता. दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत पंचफुला राहत होती. पांढऱ्या लुगड्यातली, कपाळावर कुंकू, केसांत रुपेरी रेघा. छत्तिशीत एवढे केस पिकलेले पाहून मला उगीच वाईट वाटलं. तिनं मला खाट टाकून दिली, पाणी दिलं. समोरच्या हॉटेलात रेडिओ लागला होता आणि निवेदक पुढच्या गाण्याची फर्माईश कुणी कुणी केली ते वाचत होता.

"सिलोन आहे," ती म्हणाली. "मी रोज ऐकतो. गान्यासाठी नाही. तिकडून कोनी बोलते, तेवढंच."

तिनंच सुरुवात केली.

"कोपरे फाटले तं नाही ना, भाऊ?"

"नाही."

"म्या लय जपून काढला."

ती आत गेली आणि दोन फोटो घेऊन आली. एक आमच्या अल्बमातला, चहावाल्याचा. दुसरा पलटणीच्या गणवेशातला पोरगा, मिसरूड फुटलेला, टोपी तिरपी.

"पंचफुलाबाई," मी म्हणालो. "तो जो चहावाला आहे, त्यानं गूळ देल्ला म्हून मास्तरले वाटलं..."

"मास्तरले वाटू द्या. तो नाही हा." तिनं बोटानं चहावाल्याच्या कानाला स्पर्श केला. "देवाचे कान मोठे होते. मले पाह्यल्याबरोबर समजलं."

माझा सगळा शोध, गूळ, फिल्म, मास्तरचे अश्रू, सगळं घेऊन मी खाटेवर तसाच बसून राहिलो.

"मंग चोरला काहून?"

तिनं दोन्ही फोटो माझ्या हातात शेजारी शेजारी दिले.

"हा माह्या भिताडावर आहे वीस वर्षांपासून. बावीस वर्षांचा. मी आरशात पाह्यतो तं केसं पिकून राहिले, अन हा तसाच. आता मले लेकरू असतं तं एवढं असतं. दवाखान्यात नवी बाई आली का विचारते, मुलगा काय तुमचा? मी हो म्हनतो." तिनं चहावाल्यावर बोट ठेवलं. "अन मंग रविवारी हा दिसला. उंची तेवढीच, उभं राहाची तऱ्हा तीच, अन डोक्यावर पांढरे केसं. म्या म्हनलं, माह्यासंगं म्हातारा झाला असता तं असा दिसला असता. एवढंच पाह्याचं होतं मले. मांगून घेतला असता तं तुमी सगळ्याह्यनं विचारलं असतं काहून. काय सांगतलं असतं?"

समोर गाणं सुरू झालं होतं. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत.

"तुमी गेल्या काहून नाही तिकडं?" मी विचारलं. "पयलं नाव तुमचं होतं."

"भेव वाटला. इथं आहो तं तो तिकडं आहे असं म्हनता येते. तिकडं जाऊन पाह्यलं अन नाही दिसला, तं मंग वाट कुठं पाहू?" तिनं चहावाल्याचा फोटो परत घेतला, पदरानं पुसला. "हा राहू द्याल का माह्याजवळ?"

मी होकारार्थी मान डोलावली. जमादार म्हणून माझा हा शेवटचा तपास, आणि मुद्देमाल आरोपीजवळच सोडून दिला.

"अन ते बाकीचे मानसं पाह्यले तुमी?" तिनं विचारलं. "गाडीवान, हमाल, नारळवाला?"

"पाह्यले."

"ज्याले मी नाही म्हनलं, तो माह्या नवऱ्याले शोधाले समुद्रापार गेला. सापडला असता तं हाताले धरून आनूनही सोडला असता त्यानं, माह्या दारात. अन मंग आपल्या घरी निघून गेला असता, न बोलता." तिनं फोटो पदराखाली घेतला. "एवढं तं कोनी भाऊही करत नाही, भाऊ."

मी निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली.

"त्याले सांगा, फोटो माह्यापाशी आहे. काहून आहे तेही सांगा, काई लपवू नका." मग मी पायरी उतरताना म्हणाली, "अन म्हना, आता नको शोधू."

७

अमरावतीला पोचलो तो सरळ पुंजाजीकडे गेलो. तो अंगणात खुर्ची टाकून बसला होता. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. फोटो कुणाजवळ आहे, का आहे, पोरग्यासारखा नवरा आणि पांढऱ्या केसांचा चहावाला, सगळं. पोलिसी जबाब सांगतात तसं एका दमात सांगितलं, कारण मधे थांबलो असतो तर पुढं बोलता आलं नसतं.

तो खाली पाहत ऐकत होता.

"अन काय म्हनली?"

"म्हनली, आता नको शोधू."

"एवढंच?"

"एवढंच."

तो कितीतरी वेळ तसाच बसून राहिला. मला वाटलं, याला उमगलं नाही, का उलटंच उमगलं. आता हा आयुष्यभर असाच या खुर्चीत बसून राहणार. समजावून सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यानं मान वर केली.

"जमादार," तो म्हणाला, "सकाळी अकोटची पयली गाडी किती वाजता आहे?"